लग्नाआधीच्या नावाचं वॉरंट

मला लोकांची माहिती काढायची खोड आहे आणि ती मी कधी लपवली नाही. शाळेत गणित शिकवत होते तेव्हा कोण कुणाच्या वहीतून उतरवतंय ते मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. निवृत्त झाले, वर्ग सुटला, आणि मी कोर्टाच्या वेबसाइटकडे वळले. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या कॉलनीत किंवा नात्यागोत्यात कुणाचं लग्न जमायला लागलं, की पत्रिका गुरुजींकडे जाते आणि मुलाचं पूर्ण नाव माझ्याकडे येतं.

लोकांना वाटतं, वॉरंट निघालेल्यांची कुठेतरी यादी लावलेली असते, दहावीच्या निकालासारखी. तशी यादी नसते. पोलीस ठाण्यात रजिस्टर असतं, पण ते तुम्हाआम्हाला कुणी दाखवत नाही. आपल्याला उघडं असतं ते खटल्याचं पान. राज्य निवडायचं, जिल्हा निवडायचा, कुठल्या तालुक्याचं कोर्ट ते निवडायचं, मग नाव आणि वर्ष. वर्ष माहीत नसेल तर एकेक वर्ष टाकत मागे जायचं. खटला सापडला की तो कुठवर आलाय ते एका ओळीत दिसतं. समन्स, पुरावा, युक्तिवाद. आणि कधी कधी त्याच जागी, तितक्याच बारीक अक्षरात, अजामीनपात्र वॉरंट. म्हणजे पोलिसांनी धरून कोर्टापुढे उभं करायचं आणि सोडायचं की आत ठेवायचं ते कोर्टानं ठरवायचं.

एका मुलाच्या वडिलांच्या नावापुढे ती ओळ मला दिसली आणि मी लगेच मुलीकडच्यांना फोन केला. स्थळ मोडलं. पुढे कळलं की ते गृहस्थ दवाखान्यात होते म्हणून त्यांची एक तारीख चुकली होती, बाकी काही नव्हतं. मी हळहळले, पण खरं सांगायचं तर फार नाही. तारीख चुकवायचीच कशाला, असं मी तेव्हा चारचौघींत म्हणाले होते.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी शेजारची वहिनी आली. तिच्या मुलीसाठी दोन स्थळं होती. मी दोन्ही तपासून दिली, दोन्ही स्वच्छ निघाली. वहिनी म्हणाली, "मलाही शिकवा ना हे. दरवेळी तुम्हाला त्रास." मी तिला खुर्ची ओढून दिली आणि नमुना म्हणून माझंच नाव टाकलं. काही नाही. निवृत्त शिक्षिका, नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा बंगळुरूला. माझं काय निघणार? मी थोडी मिरवलेच.

"माहेरचं नाव टाका की," वहिनी हसत म्हणाली. "मुलीचं बघायचं तर ते बघावं लागेल ना?"

मुद्दा बरोबर होता, आणि मला तो आजवर सुचला नव्हता याचा राग आला. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण माझ्या वेळेला पहिलं नावही बदलायचं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. माझं तसंच बदललं. त्या आधीच्या नावानं मला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, एक भाऊ सोडला तर. मी ते नाव टाकलं, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. तालुका माहेरचा. वर्ष मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते ते, उगीच.

पान उघडलं. शासन विरुद्ध एक बाई व इतर आठ. खाली आरोपींची नावं, आणि सातव्या क्रमांकावर मी. टप्पा: अजामीनपात्र वॉरंट. पुढची तारीख अजून सतरा दिवसांनी.

"नेट गेलं वाटतं," मी म्हणाले आणि लॅपटॉप मिटला. वहिनीला चष्मा असतो आणि तो तिनं आणला नव्हता. आयुष्यात कुणाच्या विसराळूपणाचा मला इतका आनंद झाला नसेल. तिला चहा दिला, वाटेला लावली, दाराला आतून कडी घातली आणि पुन्हा पान उघडलं. मला वाटत होतं की आता ते नसेल. ते होतं.

काय झालं होतं ते मला विसरायचं कारण नव्हतं, पण मी विसरले होते. आमचं गाव निफाडच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत. फाट्यावर सकाळची बस थांबायची ती एकच, आणि ती भरून यायची म्हणून थांबेनाशी झाली. आम्ही सात-आठ मुली पास काढून फाट्यावर उभ्या, आणि गाडी समोरून धूळ उडवत निघून जायची. महिनाभर हेच. दोघींची शाळा सुटायची वेळ आली, घरचे म्हणाले, बस झालं शिक्षण. मग एके सकाळी मुलींच्या आयाच रस्त्यावर येऊन बसल्या. माझी आई मी दहावीत असताना गेली होती, तरी मी बसले. बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरणारी चाची आपल्या मुलीसाठी आली होती, ती माझ्या शेजारी बसली. दोन तास रस्ता बंद. कुणीतरी मागून दगड मारला आणि बसची पुढची काच फुटली. तो कुणी मारला ते आजही मला माहीत नाही.

पोलीस आले. हवालदारानं मांडीवर वही ठेवून नावं लिहून घेतली. बाकीच्या मुली लहान म्हणून त्यानं सोडल्या. अठरा पूर्ण झालेली मी एकटीच. मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आणि वर त्याला म्हणाले, "नीट लिहा, नाहीतर चुकीचीच बाई पकडाल." बायका हसल्या. हवालदारही हसला. त्यानं नीट लिहिलं होतं, हे मला त्या दुपारी इंदिरानगरात दिसलं.

पुढच्याच वैशाखात माझं लग्न झालं. त्या बस-प्रकरणाबद्दल वडील एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. नवं नाव, नवं घर, मग नोकरी. बस मात्र फाट्यावर थांबायला लागली होती, एवढं कानावर आलं होतं, आणि मी ते शाळेत मुलींना अभिमानानं सांगायचे. आम्ही रस्ता अडवला म्हणून बस थांबली. काच फुटल्याचं सांगायचे नाही.

मी भावाला फोन केला. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, गावातच असतो, द्राक्षाची बाग बघतो. मी एवढंच म्हणाले, "दादा, माझ्या नावाचं वॉरंट आहे."

मग तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

म्हणजे त्याला माहीत होतं. मला वाटलं होतं तो दचकेल, 'कसलं वॉरंट' म्हणेल.

"किती वर्षांपासून?"

"पयल्यापासून," दादा म्हणाला. "तुजं लगीन झालं आन् दोन महिन्यांनी समन्स आलं. आबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पोरीच्या सासरी ह्यातलं काय बी कळता कामा नाय. मग पोलीस आले की मी सांगायचो, ह्या नावाची बाई इथं ऱ्हात नाय."

"आणि ते ऐकून जायचे?"

"लिहून घ्यायचे, सही घ्यायचे. सध्याचा ठावठिकाणा माहीत नाही, खाली माजी सही. दर दोन-तीन वर्सांनी नवा माणूस येतो, पुन्हा तेच. आन् मी खोटं काय बोललो? त्या नावाची बाई इथं ऱ्हातच नाय."

दर भाऊबीजेला हा माणूस माझ्या पाटावर येऊन बसायचा. मी त्याला ओवाळायचे, आणि त्याच्या सहीनं माझा ठावठिकाणा कुणालाच माहीत नव्हता. मी त्याच्यावर इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गप ऱ्हा. इतकी वर्सं काय झालं नाय. आता बी काय व्हत नाय. आपण मेलो की आपोआप मिटतंय."

त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वॉरंटवर माहेरचा पत्ता होता, नाव जुनं होतं, पोलिसांना मी इथे आहे हे कळायचा काही मार्ग नव्हता. हे मी स्वतःला पाढ्यासारखं म्हणून दाखवायचे. पण गावातल्या कुणीही एक वाक्य बोललं की संपलं: ती नाशकात असते, अमुक शाळेत बाई होती. इतकंच. सबंध गावाला मी कुठे दिली ते ठाऊक होतं. दर वर्षी यात्रेला मी जात होते, भारीतली साडी नेसून.

बेल वाजली की आधी मी खिडकीतून खाली बघायचे. सोसायटीच्या गेटाशी पोलिसांची मोटरसायकल थांबली, दोघं उतरले. मी देवघरासमोर जाऊन उभी राहिले आणि मनात आलेला पहिला विचार सांगायची लाज वाटते: वहिनी घरी असेल का? धरून नेतील ते नेतील, पण तिनं बघू नये. ते दोघं वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या पासपोर्टच्या चौकशीला आले होते. जाताना त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. मी पेला पुढे केला. त्यातला एक म्हणाला, "बाई, पेला रिकामाच दिलात. बीपी आहे का?" मी हो म्हणाले.

पाचव्या दिवशी मी पुन्हा ते पान उघडलं. आत मागच्या सगळ्या तारखांची रांग असते आणि एकेका तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद उघडते. मी स्थळं तपासताना ती कधी वाचत नाही. टप्पा बघितला की माझं काम झालं. त्या दिवशी मी वाचायला बसले, कारण मला बघायचं होतं की पोलीस माझ्या किती जवळ आलेत.

आरोपी १ ते ६, ८, ९ हजर. आरोपी ७ गैरहजर. अजामीनपात्र वॉरंट पुन्हा काढावे. तहकूब.

पुढची तारीख. आरोपी १ ते ६, ८, ९ हजर. आरोपी ७ गैरहजर. वॉरंट बजावणी न होता परत. तहकूब.

पुढची. तेच. त्याच्या पुढची. तेच. मी खाली खाली जात राहिले. दोन महिन्यांनी एक, तीन महिन्यांनी एक. कुठे साहेब रजेवर, कुठे वकिलांचा बहिष्कार, पण त्या आठ जणी हजर. मग एका ठिकाणी: आरोपी ५ मयत, दाखला हजर. पुढे १, २, ३, ४, ६, ८, ९ हजर. मग आरोपी ९ मयत. आरोपी १ मयत. नोंदी जवळ येत गेल्या तसे आकडे कमी होत गेले. शेवटच्या वर्षभरात एकच ओळ होती: आरोपी ४ हजर. आरोपी २ आजारी, गैरहजेरी माफ. आरोपी ७ गैरहजर.

मी आयुष्यभर आकड्यांत काढलं. एक संख्या जागची हलत नाही म्हणून सगळं गणित अडून राहतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या बायका माझ्यासाठी थांबल्या होत्या. वेबसाइटवरच्या नोंदी अलीकडच्या वर्षांच्याच. त्याआधीच्या कागदावर असणार, आणि त्यात काय असणार ते मला न वाचता कळत होतं. मला इतके दिवस वाटत होतं की कुणीतरी माझ्या मागावर आहे. मागे कुणी नव्हतंच, त्या सगळ्या तिकडे बाकावर बसून होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच ओट्याला धरून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावी गेले. दादा बागेत होता. मी विचारलं, "त्या बायका अजून जातात ते तुला माहीत होतं?"

दादानं हातातली कात्री खिशात ठेवली. "मीच सोडतो त्यांना," तो म्हणाला. "दर तारखेला. आधी बैलगाडीत फाट्यापर्यंत, मग जीप घेतली तशी कोर्टापर्यंत. दिवसभर बाहेर थांबतो, परत आणतो. अजून काय करणार होतो?"

"मला सांगणार होतास."

"सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"आलेच असते!"

"मंग? नोकरी गेली असती. भावजींचं घराणं कसं ते तुला ठाऊक. आबा गेले तेव्हा बी शेवटचं हेच बोलले." दादाला मी रडताना पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही पाहिलं नाही, कारण तो वेलींच्या रांगेत आत निघून गेला. माझा राग गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढावा ते समजेना.

मी नाशकात एक वकीलबाई गाठली, तिशीची, शांत. तिनं कागद बघितले आणि मला आधी एकच विचारलं, "मॅडम, नक्की हजर व्हायचंय? कारण नाही झालात तर बहुतेक काही होणार नाही, हे मला सांगायला हवं." मी म्हणाले, हजर व्हायचंय.

मग तिनं नियम समजावले. स्वतः कोर्टापुढे उभं राहायचं, वॉरंट रद्द करायचा अर्ज द्यायचा. न्यायाधीशसाहेबांनी मानलं तर जामिनावर सोडतील. नाही मानलं, म्हणाले की इतकी वर्षं फरार होतात, तर त्याच दिवशी कोठडीत. "पिशवी बरोबर ठेवा. गोळ्या, एक साडी, टॉवेल." भावाला बरोबर आणायचं नाही, कळवायचंही नाही, तिनं बजावलं. ठावठिकाणा माहीत नाही म्हणून सह्या करत आलेला माणूस शेजारी उभा राहिला तर उद्या त्याच्यावरच नवा खटला. "मग त्या बायकांचा खटला माझ्याशिवाय चालवता आला नसता का?" मी विचारलं. ती म्हणाली, चालवता येतो. गैरहजर आरोपीला वेगळं काढून बाकीच्यांचं पुढे नेतात, पण कुणीतरी तसा अर्ज द्यावा लागतो. इथे कुणी दिला नव्हता.

आणि शेवटी तिनं एक विचित्र अडचण सांगितली. सातवी आरोपी मीच, हे दाखवायचं कशावरून? आधार कार्ड नव्या नावाचं, पासपोर्ट नव्या नावाचा, पेन्शनचे कागद नव्या नावाचे. चोर पकडायला लोक पुरावे शोधतात, आणि मी, स्वतःच आरोपी आहे हे पटवायला, माळ्यावरची ट्रंक उपसत होते. शाळा सोडल्याचा जुना दाखला मिळाला. लग्नाची पत्रिका मिळाली. त्यावर फक्त माहेरचं नाव होतं, नवं नव्हतं. एक प्रतिज्ञापत्र केलं.

सतरावा दिवस उजाडला. कोर्टाची इमारत जुनी, पुढे लिंबाची झाडं, झाडाखाली वकिलांची टेबलं आणि टंकलेखनवाले. आत व्हरांड्यात बाकं, आणि बाकांवर माणसं अशी बसलेली की कुणी कुणाकडे बघत नाही. मी पिशवी मांडीवर धरून बसले. वकीलबाई आत गेली होती. बेड्या घातलेल्या एका तरुणाला दोन पोलीस घेऊन गेले तेव्हा त्याची चप्पल निघाली आणि कुणी थांबलं नाही. मी ती उचलून भिंतीशी ठेवली. ह्याच बाकांवर त्या बसल्या असतील, ह्याच भिंतीकडे बघत, हे मनात आलं आणि मला तिथे टेकणंही नको झालं.

शिपायानं दारात येऊन पुकारा केला. शासन विरुद्ध, आणि पहिल्या आरोपीचं नाव, जी जाऊन पाच वर्षं झाली होती. मग दुसरं, तिसरं. मेलेल्या बायकांची नावं तो तीन-तीनदा पुकारत होता आणि व्हरांड्यात कुणी मान वर करत नव्हतं. चौथ्या नावाला कोपऱ्यातून एक बाई काठी टेकत उठली. वाकलेली, डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला. चाची. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ आत गेली, कुठे उभं राहायचं ते पायांना पाठ असल्यासारखी.

सातवं नाव पुकारलं. चाळीसेक वर्षांनी ते मी परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं. वकीलबाईनं आतून खूण केली, मग मी उठले.

साहेब माझ्या मुलाच्या वयाचे होते. त्यांनी अर्ज वाचला, मागचे कागद चाळले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं कुठे होता?"

"इंदिरानगरला," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी दाखला प्रकाशात धरून बघितला. नाव एक, समोरची बाई दुसऱ्याच नावाची. सरकारी वकील म्हणाले, खात्री कशी करायची? साहेबांनी जरा विचार केला आणि आरोपीच्या पिंजऱ्यात काठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या चाचीकडे वळून सहज विचारलं, "आजी, ही बाई तुमच्या गावची ना? तुमच्याबरोबर होती ती हीच का? ओळखता?"

चाचीनं मान उचलून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, माझ्या हातातली पिशवीसुद्धा. तिनं मला ओळखलं हे मला तिच्या डोळ्यांत लख्ख दिसलं. मागच्याच यात्रेत तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती.

"नाय साहेब," ती म्हणाली. "ही ती नव्हं. मी नाय वळखत."

"नीट बघा."

"बघितलं ना. कुणी शहरातली बाई हाय. ती पोरगी कुठं गेली आमाला नाय माहीत साहेब, आमी दर टायमाला सांगतो की. लगीन झालं, दूर दिली, पत्ता नाय."

ती ते न अडखळता म्हणाली. इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकून म्हणाला, "हो सर, विचारतात दरवेळी. सगळ्या असंच सांगायच्या." सगळ्या. पाचवी, नववी, पहिली, दाखले येऊन गेलेल्या सगळ्या. गावातल्या कुणीही एक वाक्य बोललं की मी संपले, अशी भीती मी चार दिवस बाळगली होती. त्या आठ जणींना ते वाक्य दर तारखेला विचारत होते. सांगितलं असतं तर त्यांची सुटका झाली असती, आणि त्या घरी आल्या त्या दरवेळी पुढची तारीख घेऊनच.

"चाची," मी म्हणाले, कोर्टात असं बोलायचं नसतं हे विसरून. "मला कुणी धरून नाही आणलं. मी आपणहून आलेय. सांग त्यांना."

चाचीनं दाराकडे पाहिलं, तिथल्या पोलिसाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिचे ओठ हलायला लागले. "तुला पोलिसानं नाय आणली?"

"नाही गं."

"खरं?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

ती काठीसकट खाली बसली. शिपाई धावला. साहेबांनी पाणी द्यायला सांगितलं आणि फाइल जवळ ओढून लिहायला घेतलं. वॉरंट रद्द झालं, जामीन झाला. सरकारी वकिलांनीच मग सांगितलं की अशा आंदोलनांचे खटले मागे घ्यायची मुभा केव्हाच आली होती, फक्त सगळे आरोपी हजर नव्हते म्हणून हा कागद वर गेला नव्हता. पुढच्या तारखेला तो आला आणि खटला संपला. आम्ही आत जाऊन बाहेर येईपर्यंत दहा मिनिटंही गेली नसतील.

त्या पहिल्या दिवशी मात्र आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसलो. चाची माझ्यावर चिडली होती. "कशाला आलीस? आता आमी दोघीच उरलो व्हतो. ती अंथरुणाला, मी ही अशी. अजून दोन-चार तारखा, मंग मिटलंच असतं आमच्यामागं. तुला काय बी झालं नसतं."

मी म्हणाले, "चाची, तुम्ही एकदा तरी सांगायचं ना माझं नाव."

"अगं, तुला आई नव्हती," चाची म्हणाली. "आमी आठ जणी व्हतो. पोरीला सासरहून धरून आणायला लावायचं का?"

आठांतल्या सहा जणी आरोपी म्हणूनच गेल्या. त्यातल्या दोघींच्या दहाव्याला मी गेले होते, पहिल्या रांगेत बसले होते आणि नाशिकची शेवटची गाडी चुकेल म्हणून लवकर उठले होते.